हय आरती कित्याक?

धारवाडच्या मळमड्डीत आमच्या घराला 'रेल्वेवाल्यांचं घर' म्हणत. किरिस्तावांचं घर असं क्वचितच कुणी म्हणे, आणि म्हटलं तरी ते पोस्टमनला पत्ता सांगण्यापुरतं. स्टेशन हाकेवर. शापाय, म्हणजे आमचे आजोबा, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवेलागणीच्या गाडीनं यायचे. मूळ घर सावंतवाडीचं. ते नोकरीला लागले तेव्हा कंपनीचं नाव एम. अँड एस. एम., म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा. त्यातल्या सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ऑफिस एके काळी धारवाडातच होतं. 1908 मध्ये दोन कंपन्या एक झाल्या, ऑफिस गेलं, आणि पुढे त्या इमारतीत कर्नाटक कॉलेज भरू लागलं. शापायना त्या कॉलेजबद्दल मालकी हक्काची आपुलकी होती. आमच्यातला जो कुणी तिथे नाव घाली त्याला ते सांगत, "आमच्या हापिसात शिकतंस, नीट शिक."

आम्ही चुलत-आते मिळून अकरा भावंडं. त्यातले दोघे आता नाहीत. उरलेले बेळगाव, पुणे, बंगळूर, म्हापसा आणि एक कॅनडात. सगळे साठीच्या पुढचे. 'मळमड्डी' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी सेंट अँथनीची चित्रं आणि रात्री भांडणं येतात. भांडणं बहुतेक याच घराबद्दलची. तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कुठल्या भाषेत व्हायचा, हे साधं वाटतं ना? त्यावरून थोरला आणि ताई आठवडाभर बोलत नव्हते.

थोरला म्हणतो तेर्स कोकणीत. ताई म्हणते मराठीत. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. शामायनं (आमची आजी) सुरू केला तर कोकणीत, कारण तिच्या तोंडात तोच बसलेला. आई बेळगावची, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. शामायला खोकला झाला की आई म्हणायची, मग मराठीत. मोठी काकी हल्याळची, ती दोन्हींच्या मधलं काहीतरी पुटपुटे. शेवटी संतांच्या नावांची लांबलचक मालिका यायची ती लॅटिनमध्ये, आणि तिला द्यायचा प्रतिसादही लॅटिनमध्ये. लॅटिन घरात एकालाही येत नव्हतं. प्रतिसाद मात्र सगळे इतक्या ठसक्यात देत की शेजारच्या काकूंनी त्या आवाजावर आपला भात लावायचा हिशेब बसवला होता. आमचे संत सुरू झाले की त्या डाळीला फोडणी द्यायच्या.

शहाबादी फरशीवर गुडघे टेकून बसायचं. हिवाळ्यात ती फरशी हाडात शिरते. पाचव्या दशकाला निम्मी पोरं पेंगत असत, आणि शामाय डोळे मिटूनच, जपाचा मणी न चुकवता, डाव्या हातानं जो जवळ असेल त्याला चिमटा काढी. आमच्यापैकी कुणालाही, कधीही, 'तुझा विश्वास आहे का?' असं त्या घरात विचारलं गेलं नाही. हे आज सांगितलं की पुढच्या पिढीला गंमत वाटते. त्यांना शिबिरांत, रिट्रीटमध्ये तेच विचारतात, आणि ती मुलं चांगली, विचार करून उत्तरं देतात. आम्हाला विचारायचे ते एवढंच: पाय धुतलेस का, आणि तेर्साला का नव्हतास.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचं म्हणजे पोट रिकामं. ज्यांना कोमुन्यांव (पवित्र भाकर) घ्यायचं त्यांनी मध्यरात्रीपासून अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, असा जुना नियम. 1953 मध्ये रोमनं पाण्याला मोकळीक दिली, 1957 मध्ये मध्यरात्रीची अट काढून तीन तासांवर आणली, 1964 मध्ये एक तास केला. धाकटा काका लहान असताना, म्हणजे जुन्या कायद्याच्या काळात, रविवारी सकाळी चूळ भरताना त्याच्या घशात पाणी गेलं. त्यानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. शामायनं त्याला बाकावर बसवून ठेवलं. सगळी रांग पुढे गेली, हा एकटा बसलेला. मग इगर्जीबाहेर (चर्चबाहेर) बायका एकमेकींना विचारू लागल्या, या पोरानं काय पाप केलं असेल? त्या वयातही त्याचं नाव झालं, आणि काकाच्या म्हणण्याप्रमाणे पुढे लग्नाच्या बोलण्यातसुद्धा ते निघालं. काका तिखटमीठ लावत असे, पण चूळ भरताना डोकं पुढे वाकवण्याची त्याची सवय आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

घरात तसबिरी भरपूर. पवित्र हृदय, सायबीण, सेंट अँथनी, आणि स्वयंपाकघराच्या दारावर सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्याला शामाय 'गोंयचो सायब' म्हणे. बायबल मात्र नव्हतं. हे ऐकून प्रोटेस्टंट मित्र हसतात. धारवाडात बासेल मिशन 1837 पासून आहे. त्यांच्या शाळेत शिकलेली मुलं बायबलमधली वचनं अध्याय-ओळीसकट म्हणून दाखवत, आणि आम्ही कॅथलिक असून गप्प. बायबल वाचणं हे बासेल मिशनवाल्यांचं काम, अशी शामायची समजूत. आपण तेर्स म्हणायचा, फादरनं सांगितलेलं ऐकायचं.

वाचणारी घरात एकच, आई. तिच्यासाठी टपालानं 'निरोप्या' येई. हेन्री डोरिंग नावाच्या जर्मन जेसुइटानं 1903 मध्ये सुरू केलेलं हे मराठी मासिक. हा माणूस पुढे पुण्याचा बिशप झाला, मध्ये काही वर्षं जपानात हिरोशिमाला पाठवला गेला, आणि पुन्हा पुण्याला परतला. आमचा भाग त्या काळी पुण्याच्याच धर्मप्रांतात. बेळगावचा वेगळा धर्मप्रांत 1953 मध्ये झाला. अंक आला की आईनं तो आधी काकूंना द्यायचा, कारण त्या दोन दिवसांत परत करत, आणि आई महिनाभर वाची. बदल्यात काकूंनी एकदा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणून दिली. "तुमच्यातल्याच आहेत की," काकू म्हणाल्या. आईनं पुस्तक दोनदा वाचलं आणि परत देताना सांगितलं, "फार चांगलं आहे हो, पण त्या प्रोटेस्टंट." काकूंना यातला फरक कळला नाही. आईनं समजावायचा प्रयत्न केला, मग दोघी ते सोडून लोणच्याकडे वळल्या.

काकूंचं घर देशस्थ, वैष्णव, सोवळ्याओवळ्याचं. त्यांच्या सासूबाई होत्या तोवर आमच्या घरचं पाणीही त्या घरात चालत नसे. तरीही नाताळात ताट जायचंच. या ताटाची रीत शामायनं घालून दिली होती. नाताळाच्या आदल्या आठवड्यात, घरात पहिलं अंडं फुटायच्या आधी, स्टोव्ह घासून, पितळेची वेगळी कढई काढून काकूंच्या नेवऱ्या तळायच्या. सारण नारळ, गूळ, खसखस, वेलची. तूप त्यांच्याच ओळखीच्या गवळ्याकडचं, म्हणजे त्यांनी शंका घेऊ नये. त्या नेवऱ्या डब्यात बंद झाल्या, डब्यावर खडूनं फुली पडली की मग केक, दोदोल, कुलकुल आणि आमची बाकीची अभक्ष्य यादी. नाताळच्या सकाळी क्रोशाच्या रुमालाखाली ताट जायचं. काकू ते दारातच घेत, मुलं मागच्या अंगणात खात, आणि सासूबाई काही पाहिलंच नाही असं दाखवत. दिवाळीला त्यांचं ताट येई, त्यात चकल्या जास्त असत, कारण शापायना चकली आवडते हे काकूंना ठाऊक होतं. सासूबाई वारल्यावर काकूंनी पहिल्यांदा आमच्या ओट्यावर बसून नेवरी खाल्ली. अंड्याबद्दल विचारलंही नाही. शामायनं मात्र कढई शेवटपर्यंत वेगळीच ठेवली.

इथे ग्रुपवरचे सगळे हळवे होतात आणि 'ते दिवस' वगैरे सुरू होतं. मला तिथे थोडं थांबावंसं वाटतं. हेच ताट आमच्या घरून हुबळीच्या रेल्वे कॉलनीतल्या तमिळ आणि तेलुगू कॅथलिकांकडे कधी गेलं नाही. शापाय त्यांच्याबरोबर आठ तास एकाच छपराखाली लोखंड घासत. सणाच्या मिस्साला कधी हुबळीला गेलो तर एकाच कठड्याशी गुडघे टेकून जिभेवर तीच भाकर घेत. पण घरी बोलावणं नाही. हुबळीत क्वार्टर मिळत असताना शापाय धारवाडात का राहिले, याचं सांगायचं कारण शामायला हुबळीची धूळ सोसत नाही हे होतं. न सांगायचं कारण मुली होत्या. आणि व्हायचं ते झालंच: धाकट्या आत्यानं वर्कशॉपातल्याच एका तमिळ कॅथलिक वेल्डरशी लग्न केलं. चर्चची काही हरकत नव्हती, दोघंही बाप्तिस्मा घेतलेले. तीन रविवार वेदीवरून नावं पुकारली गेली. हरकत घरची होती. गोव्या-सावंतवाडीच्या किरिस्तावांनी चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला, पण बामण, चारोडी, सुदिर ही जातींची उतरंड गाठोड्यात बांधून बरोबर आणली, आणि भाषा निराळी म्हटल्यावर ती आणखी कडक झाली. आत्याच्या लग्नाला घरातून कुणी गेलं नाही. पुढे शापाय आजारी पडले तेव्हा त्यांना आगगाडीत उचलून चढवणारा तोच जावई. त्यानंतर तो घरी येऊ लागला. शापाय त्याच्याशी इंग्रजीत बोलत, मुलीशी कोकणीत, आणि माफी कुठल्याच भाषेत मागितली नाही. ज्यांना ते सोनेरी दिवस वाटतात त्यांनी आत्याला फोन करावा. ती अजून हुबळीत आहे आणि तिची स्मरणशक्ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे.

सावंतवाडी आणि गोवा हे शामायचं एकच माहेर. सख्खी बहीण पेडण्याला दिलेली. धारवाडहून लोंढा, कॅसलरॉक, मग दूधसागरावरून गाडी उतरायची ती थेट गोव्यात. 1955 मध्ये गोव्याच्या सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली, कॅसलरॉकच्या पलीकडे गाडी जाईना. सहा वर्षं. बहिणीची खबर सावंतवाडीमार्गे कुणाच्या तरी तोंडी येई, तीही महिन्यांनी शिळी. या काळात आमचाही प्रदेश मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, 1 नोव्हेंबर 1956 ला. त्यावर घरात फारशी चर्चा झाल्याचं कुणाला आठवत नाही. सगळं लक्ष पेडण्याकडे. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मोकळा झाल्याची बातमी धारवाड रेडिओवर ऐकली तेव्हा शापायनी देशाबद्दल काहीतरी गंभीर बोलायला सुरुवात केली. शामायनं विचारलं, गाडी कधीपासून?

1964 च्या डिसेंबरात एक पेच पडला. मुंबईला युखरिस्तिक काँग्रेस, आणि पोप सहावे पॉल स्वतः येणार. पोपचं पाऊल भारताला पहिल्यांदाच लागत होतं. नेमक्या त्याच सुमारास जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन. पैसे एकाच प्रवासाचे. शापायचा कल मुंबईकडे, कारण रेल्वेचा पास होता आणि पोप पुन्हा कधी दिसणार? शामाय म्हणाली, "पोप जिवंत आसा, तो परत येयत." सायबाचं शरीर दर वेळी झिजत चाललंय, ते आधी बघायला हवं. गेली गोव्याला, पेडण्याच्या बहिणीला गळामिठी मारून आली. पोप खरोखर परत आला, म्हणजे दुसरा, 1986 च्या फेब्रुवारीत जॉन पॉल, आणि तोही गोव्यातच. शामाय तोवर राहिली नव्हती.

रोममध्ये 1962 ते 65 परिषद चालू होती, दुसरी व्हॅटिकन परिषद. मळमड्डीत ती कुणाला कळली नाही. कळले तिचे परिणाम. फादर इतकी वर्षं वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून मिस्सा म्हणत, ते एके दिवशी वळले. शापाय म्हणाले, आता त्यांना आपण दिसणार, म्हणजे जांभया बंद. मग लॅटिन गेलं. त्याच्या जागी आमच्या वाट्याला आधी इंग्रजी आलं, मग हळूहळू कन्नड. मराठी मिस्सा ऐकायला आई बेळगावला माहेरी गेली की तिथे जाई, आणि परत आल्यावर चार दिवस घरात तिचा चेहरा वेगळा असे. शामायला पहिल्यांदा काय म्हणतात ते कळू लागलं आणि तिचा रस कमी झाला. "इतक्या वर्सां हेंच म्हणी होते?" एवढंच ती म्हणाली.

यापुढचा प्रसंग मात्र आम्हा सगळ्यांना सारखाच आठवतो, आणि असा हा एकच.

1969 मध्ये भारतातल्या बिशपांच्या मागणीवरून रोमनं बारा गोष्टींना परवानगी दिली. मिस्सात मांडी घालून बसावं, जोडे बाहेर काढावेत, हात जोडून नमस्कार करावा, मेणबत्तीच्या जागी समई, फुलं, उदबत्ती, आणि आरती. बंगळूरला याच कामासाठी 1967 पासून एक राष्ट्रीय केंद्र होतं, फादर अमलोरपवदास यांच्या हाताखाली. तिथला अभ्यासक्रम करून आलेले एक तरुण फादर काही दिवस आमच्याकडे होते. फार गोड माणूस. एका सणाला त्यांनी वेदीपुढे समई लावली, तबकात फुलं, कापूर, आणि दोन मुलींना घेऊन आरती ओवाळली. मागे तबला-पेटी. धारवाडात तबला-पेटीवाल्यांना तोटा नाही.

शामाय दुसऱ्या बाकावर. तिनं कापूर पेटलेला पाहिला, पदर डोक्यावर नीट ओढला, उठली, आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर जाऊन पायरीवर बसली. मिस्सा संपल्यावर फादर तिला भेटायला आले. मराठी त्यांना तुटकं यायचं, मालवणी अजिबात नाही. शामाय म्हणाली, "आरती करूची आसात तर माका देवळात धाडा. हय इगर्जीत कित्याक?" आईनं इंग्रजी केलं, फार सौम्य करून. फादर हसले, त्यांना वाटलं आजींना गुडघेदुखी आहे.

ही गोष्ट काकूंच्या कानी गेली. काकूंना आरतीचं कौतुक वाटलं. "मग आता आम्हीही यायला हरकत नाही की," त्या म्हणाल्या. शामाय त्यांच्यावर चार दिवस रुसली होती. भिंतीपलीकडे फोडणीची वेळ चुकली असणार.

आता या बाईचं घरातलं वागणं पाहा. मुलींच्या लग्नात आदल्या दिवशी रोस व्हायचाच: नारळाचा रस काढून नवरीला चोळायचा, बायकांनी ओव्या म्हणायच्या. चुडा भरायचा. आजारी पोराची मीठ-मिरचीनं दृष्ट काढायची, फक्त शेवटी क्रूसाची खूण करून. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. मधला काका टायफॉइडनं अंथरुणाला खिळला तेव्हा सेंट अँथनीला नवस बोलून झाला, नोव्हेना झाली, आणि मग एका शनिवारी काकूंच्या हातून नुग्गीकेरीच्या हनुमंताला नारळ गेला. ताई म्हणते शामायनं हे नंतर कुमसारात (फादरपुढच्या पापकबुलीत) सांगितलं. थोरला म्हणतो, छे, सांगितलं असतं तर फादरनं पुढच्या वेळी काकूंना चहाला बोलावलं नसतं.

म्हणजे घरात सगळं चालत होतं, इगर्जीत नको होतं. आम्ही तरुणपणी यावर हसत असू, म्हातारीचा विसंवाद म्हणून. आमच्यातला एक भाऊ पुढे गोव्याच्या इतिहासात रमला, त्यानं एकदा ग्रुपवर 1736 च्या हुकूमनाम्याबद्दल लिहिलं, आणि हसू जरा ओसरलं. गोव्यात धर्मन्यायालय 1560 मध्ये बसलं आणि 1812 मध्ये कायमचं उठलं. या न्यायालयानं 1736 साली किरिस्तावांनी काय काय करू नये याचा तपशीलवार फतवा काढला. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. विडा-पान-फुलं वाटायची नाहीत. वधूवरांच्या अंगाला हळद, नारळाचा रस लावायचा नाही. दारात तुळस नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. शामायच्या घरातल्या रीतिरिवाजांची जणू कुणी झडती घेऊन यादी केली होती. यातलं बरंच चोरून जगलं. ज्यांना चोरून करायचं नव्हतं त्यांतली काही घरं पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली, कारवार-मंगळूरकडे, सावंतांच्या मुलखात. आमचे पूर्वज त्यांतलेच, असं शापाय सांगत. कागद काही नाही.

तेव्हा चर्चनं दंडुका घेऊन सांगितलं, हे घराबाहेर काढ. घरानं ते माजघरात लपवलं आणि इगर्जीत पोर्तुगीज शिस्तीनं गुडघे टेकले. अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी झाली. आणि 1969 मध्ये त्याच चर्चनं प्रेमानं सांगितलं, ते आता वेदीवर आण. शामायला दोन्ही हुकूम वरूनच आल्यासारखे वाटले असले तर नवल नाही. शिवाय आरती ही तिच्या लेखी शेजारच्या काकूंची होती, भिंतीपलीकडची, ओळखीची, आदराची. रोस तिचा होता. तो वेदीवर आणा असं त्या तरुण फादरला सुचलं नाही, कारण बंगळूरच्या अभ्यासक्रमात भारतीय म्हणजे समई आणि संस्कृत. सावंतवाडीच्या नारळाचा रस त्यात कुठून येणार?

माझं मत ग्रुपवर कुणाला पटत नाही. पुण्याची बहीण म्हणते, तिथे मराठी मिस्सात भजनं, समई सगळं असतं आणि किती जवळचं वाटतं. असेल. तिची मुलं त्यातच वाढली. आरतीला माझा विरोध नाही. मी फक्त इतकंच म्हणतो की पायरीवर जाऊन बसलेली बाई अडाणी नव्हती.

पुढे फार पटकन बदललं. 1982 मध्ये गोकाक चळवळ झाली, सुरुवात धारवाडातूनच, आणि पोरांच्या शाळेत कन्नडचं पारडं जड झालं. ते योग्यच होतं. आमची भाची आज तेर्स कन्नडमध्ये म्हणते आणि फार सुरेख म्हणते. 'निरोप्या' आईनंतर बंद केला. धाकट्या चुलतभावाला जे. एस. एस. कॉलेजात इंग्रजी शिकवायला जी. ए. कुलकर्णी होते, तो घरी येऊन सांगे की सर काळा चष्मा लावतात. त्यांनी काय शिकवलं हे मात्र आजतागायत सांगू शकलेला नाही. काकूंची मुलं अमेरिकेला गेली. घर विकलं, तिथे तीन मजली अपार्टमेंट आहे.

सप्टेंबर 2008 मध्ये मंगळूरकडे आणि राज्यात इतरत्र चर्चवर हल्ले झाले तेव्हा ग्रुप नव्हता, फोन होते. काकूंच्या धाकट्या मुलाचा न्यू जर्सीहून आत्याला फोन आला, तुम्ही ठीक आहात ना. डिसेंबर 2021 मध्ये बेळगावच्या अधिवेशनात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेनं मंजूर केलं ते 23 तारखेला, नाताळच्या तोंडावर. त्या दिवशी ग्रुपवर फक्त केकची चित्रं पडत होती. कुणी काही लिहिलं नाही. हे गप्प बसणं घरातून आलेलं आहे की नवं आहे, हे मला ठरवता येत नाही. शामाय गप्प बसली नसती एवढं खरं. त्याच्या दोन वर्षं आधी, जानेवारी 2020 मध्ये, उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. विरोध झाला, धमक्या आल्या, तरी ते बोलले. ताईनं टीव्हीवर पाहिलं आणि ग्रुपवर आईचा फोटो टाकला, खाली काहीही न लिहिता. 'सुबोध बायबल' त्यांनीच मराठीत केलेलं. ते ताईकडे आहे, म्हणजे या घराण्यात बायबल शेवटी आलं, आणि तेही मराठी.

सध्या ग्रुपवर गडबड आहे ती थोरल्याच्या नातीच्या लग्नाची. बंगळूरला, जानेवारीत. मुलगा मल्याळी सिरियन कॅथलिक. मिस्सा इंग्रजीत. आदल्या दिवशी 'हळदी' ठेवली आहे, पिवळे कपडे, ढोलवाला, सिनेमात असते तशी. थोरला वैतागला: हे आपलं नाही. नात म्हणाली, आजोबा, 1736 च्या यादीत हळद होती ना, म्हणजे आपलीच. इतिहासवाल्या भावानं ताबडतोब दुजोरा दिला. मग आत्यानं हुबळीहून व्हॉइस मेसेज टाकला, तमिळ हेल असलेल्या कोकणीत, की हळद लावा नाहीतर रंग लावा, पण रोस नारळाचाच व्हायला हवा आणि चोळायला मी येणार. तिच्या लग्नात रोस झाला नव्हता. हे कुणी लिहिलं नाही, पण पाच मिनिटांत सगळ्यांनी अंगठे टाकले. सिरियन कॅथलिक व्याह्यांना रोस म्हणजे काय हे समजावायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आता प्रश्न चुड्याचा. ताई म्हणते सगळा हिरवा, मध्ये एकेक सोनेरी. म्हापशाची चुलतबहीण म्हणते हिरवा, पिवळा, तांबडा, आणि दोन्ही हातांत सारख्या बांगड्या कधीच नसतात. शामायनं आमच्या आईला कुठला भरला होता, ते फोटोवरून कळत नाही, फोटो काळापांढरा. म्हापशाच्या बाजारात एक कासारीण बसते, तिच्या आजीपासून किरिस्तावांचे चुडे भरते म्हणे. पुढच्या शुक्रवारी बहीण तिला विचारून येणार आहे.